हिमँजिओमाचा एएफ काढताना: इमेजिंग रूममध्ये नव्यानं आलेल्यांसाठी

रेटिना ओपीडीतून केसपेपर येतो. त्यावर घाईघाईत लिहिलेलं असतं, ‘? कोरॉइडल हिमँजिओमा, उजवा डोळा. कलर, एएफ, ओसीटी, मग एफएफए + आयसीजी, बी-स्कॅन.’ (ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा छेद दाखवणारा स्कॅन, एफएफए आणि आयसीजी म्हणजे शिरेतून डाय, म्हणजे रंगद्रव्य, देऊन काढलेले फोटो, आणि बी-स्कॅन म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी.) दिवसभर डायबेटिक पडद्यांचे फोटो झरझर काढणारा हातही इथे थबकतो. ही गाठ रोज दिसत नाही, आणि कॉलेजात एएफ म्हणजे ऑटोफ्लुरोसन्स शिकवतात तो बहुतेक वेळा मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, आजारांच्या निमित्तानं. उंचवटा असलेल्या गाठीवर तोच कॅमेरा वेगळा वागतो, हे फारसं कोणी सांगत नाही.

हा लेख नवीन ऑप्टोमेट्रिस्टसाठी, इमेजिंगला बसवलेल्या टेक्निशियनसाठी आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी आहे. निदान डॉक्टर करतील. आपलं काम त्यांच्या हातात विश्वासानं वाचता येईल असा फोटो देण्याचं.

1. आधी हे पक्कं करा: फोटो गाठीचा नसतो, तिच्यावरच्या थराचा असतो

कोरॉइडल हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे, कॅन्सर नव्हे. ती पडद्याच्या मागे, कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरात असते. तिचे दोन प्रकार. एक मर्यादित जागेतली गोलसर नारिंगी-लाल गाठ, जी बहुधा मॅक्युला किंवा ऑप्टिक डिस्कच्या (डोळ्याची नस जिथून निघते त्या जागेच्या) आसपास सापडते आणि मधल्या वयात नजर धूसर झाली की लक्षात येते. दुसरा प्रकार पसरलेला. त्यात कोरॉइडचा मोठा भाग जाड होतो आणि तो स्टर्ज-वेबर सिंड्रोम या जन्मजात आजारासोबत येतो. सगळा पडदा लालभडक दिसत असल्यानं पुस्तकांत त्याला ‘टोमॅटो केचप फंडस’ असं नाव पडलंय.

आता एएफ. कॅमेरा निळा किंवा हिरवा प्रकाश आत टाकतो. पडद्याखालच्या आरपीई या एका पेशीच्या जाडीच्या थरात लिपोफ्युसिन नावाचं द्रव्य साठलेलं असतं. ते हा प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश परत सोडतं आणि आपण तेवढाच टिपतो. हिमँजिओमा या आरपीईच्या *खाली* आहे. म्हणजे एएफमध्ये गाठ दिसत नाही. गाठीनं तिच्यावरच्या आरपीईचं आणि पडद्याचं काय केलं, तेवढं दिसतं. पाणी झिरपलं का, किती काळ झिरपतंय, आरपीई तग धरून आहे की मेला, या प्रश्नांची उत्तरं त्यात असतात.

हे डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. पाणी न झिरपलेल्या हिमँजिओमाचा एएफ जवळपास सामान्य येऊ शकतो: कलर फोटोत ठळक नारिंगी उंचवटा, एएफमध्ये त्या जागी आजूबाजूसारखाच करडा रंग, फार तर किंचित गडद. नवखा माणूस अशा वेळी फोटो बिघडला असं समजून पुन्हा पुन्हा शॉट मारत बसतो आणि पेशंटचे डोळे पाणावतात. तुमची फ्रेम नीट फोकसमध्ये असेल तर ‘एएफमध्ये काही नाही’ हेही डॉक्टरांना हवं असलेलं उत्तरच आहे.

2. आपल्याकडचा कॅमेरा कुठल्या रंगाचा प्रकाश टाकतो ते बघा

कॉन्फोकल स्कॅनिंग लेसर यंत्रं, उदाहरणार्थ हायडेलबर्गची, 488 नॅनोमीटरचा निळा लेसर वापरतात. ऑप्टॉससारख्या अल्ट्रावाइड यंत्रात एएफसाठी 532 नॅनोमीटरचा हिरवा लेसर असतो. साध्या फंडस कॅमेऱ्यांत फिल्टर लावून आणखी लांबच्या, पिवळसर-हिरव्या पट्ट्यात काम चालतं.

निळा प्रकाश मॅक्युलातलं पिवळं द्रव्य शोषून घेतं, म्हणून 488 वर फोव्हिया (मॅक्युलाचा मध्य) ठळक काळा दिसतो. हिरव्यावर तो तितका काळा नसतो. पिवळट झालेली लेन्सही निळा प्रकाश अडवते, त्यामुळे साठीच्या पुढच्या, मोतीबिंदू असलेल्या पेशंटचा निळा एएफ मळकट येतो. तिथे हिरवा उपलब्ध असेल तर तो घ्या.

सापळा असा: बाहेरच्या सेंटरवर हिरव्यावर काढलेला जुना एएफ आणि तुमचा आजचा निळा एएफ शेजारी ठेवून ‘मॅक्युला गडद झाला’ असं म्हणता येत नाही. आजार तिथेच आहे, फक्त कॅमेरा बदललाय. प्रिंटवर यंत्राचं नाव नसेल तर पेशंटला विचारून केसपेपरवर टिपून ठेवा.

3. पेशंटला आत घेण्याआधी

टेबलावर आणि फाइलमध्ये हे असू द्या:

- जुने सगळे कागद: आधीचे ओसीटी, फोटो, चष्म्याचे नंबर. प्लस नंबर एकाच डोळ्यात वाढत गेलेला दिसला तर तो केसपेपरवर लिहा. गाठीमुळे पडदा पुढे ढकलला गेला की डोळा त्या प्रमाणात प्लसकडे सरकतो. कित्येक पेशंट आधी दोन चष्मे बदलूनच आपल्यापर्यंत पोचलेले असतात.
- बीपी, शुगर, क्रिएटिनिनचे रिपोर्ट, ॲलर्जीची माहिती. हे एएफसाठी लागत नाही, पण त्याच दिवशी डाय द्यायचा असतो आणि ऐनवेळी रिपोर्ट नाही म्हणून सगळं अडतं.
- डायसाठी सही केलेलं संमतीपत्र. पेशंटला समजेल त्या भाषेत आणि वाचून दाखवून.
- बाहुली मोठी करणारे थेंब, वंगणाचे थेंब, टिश्यू, लेन्स पुसायचं कापड. लेन्सवरचा धुळीचा कण एएफमध्ये गडद ठिपका होऊन बसतो.
- इमर्जन्सी ट्रे: ॲड्रेनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, एव्हिल, ऑक्सिजन. एक्स्पायरी बघून ठेवा. ‘आहे की’ या उत्तरावर समाधान मानू नका.

एमआरडी नंबर (हॉस्पिटलच्या नोंदीतला पेशंटचा क्रमांक) टाकताना पेशंट आधीपासून यंत्रात आहे का ते शोधा. स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानं एकाच माणसाच्या दोन फाइली तयार होतात. मग सहा महिन्यांनी ‘फॉलो-अप’ मोडमध्ये जुनी फ्रेम सापडत नाही आणि तुलना डोळ्यांच्या अंदाजानं करावी लागते.

4. क्रम चुकला तर एएफ गेला

क्रम असा ठेवा: नजर आणि नंबर, डोळ्याचं प्रेशर (हवेच्या यंत्रानं), थेंब, कलर फोटो, एएफ, ओसीटी, त्यानंतर एफएफए आणि आयसीजी, आणि सगळ्यात शेवटी बी-स्कॅन.

एएफ डायच्या आधीच झाला पाहिजे. एफएफएचा डाय, म्हणजे फ्लुरोसीन, निळ्या प्रकाशात झगमगतो; तो रक्तात असताना लिपोफ्युसिनचा मंद उजेड कुठला आणि डायचा कुठला हे ओळखता येत नाही. एवढं बहुतेकांना माहीत असतं. खालच्या दोन गोष्टी मात्र निसटतात.

पहिली, फ्लुरोसीनची पट्टी. कोणी ॲप्लनेशन टोनोमीटरनं (ही पट्टी डोळ्याला लावून) प्रेशर बघितलं असेल तर अश्रूंमध्ये डाय मिसळलेला असतो आणि एएफवर धुक्यासारखा पडदा येतो. ग्लॉकोमा ओपीडीतून येणाऱ्या पेशंटच्या खालच्या पापणीकडे एकदा नीट बघा. कडेला पिवळसर-हिरवा रंग दिसला तर डोळा सलाइननं धुवा आणि थोडं थांबा.

दुसरी, काल केलेली एफएफए. तालुक्याच्या गावी काल अँजिओग्राफी झाली आणि आज पेशंटला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, हे आपल्याकडे सर्रास होतं. सरळ विचारा, ‘काका, काल-परवा हातात पिवळं औषध टोचलं होतं का? लघवी अजून पिवळी होतेय का?’ उत्तर हो असेल तर डॉक्टरांना सांगून एएफ दोन दिवसांनी ठेवलेला बरा.

बी-स्कॅन शेवटी का? जेलमुळे कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर, तेवढ्यापुरता मळतो आणि त्यानंतरचा प्रत्येक फोटो धूसर येतो. लांबून आलेल्या पेशंटची एसटी सुटेल म्हणून ‘बी-स्कॅन आधी उरकून घ्या’ असा दबाव येतो. तेव्हा निदान एएफ आणि ओसीटी तरी आधी काढून घ्या.

आणखी एक चौकशी. गेल्या पाच दिवसांत पीडीटी (शिरेतून औषध देऊन केलेला लेसर उपचार) झाली आहे का? त्या इंजेक्शननंतर काही दिवस शरीर प्रकाशाला संवेदनशील राहतं. अशा पेशंटला तेज उजेडात बसवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

5. थेंब

यात फार सांगण्यासारखं नाही. डॉक्टरांनी डोळ्याचा कोन (बाहुली मोठी केल्यावर प्रेशर वाढण्याचा धोका आहे का यासाठी) बघितलाय ना, बीपी फार चढलेलं नाही ना, हे बघून थेंब घाला आणि अर्धा तास जाऊ द्या. अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून काढलेल्या एएफच्या कडा काळ्या पडतात. गाठ नेमकी कडेला असली तर ती सावली गाठीच्या नावावर जमा होते. पेशंट दुचाकी चालवत आलाय का ते थेंब घालण्याआधी विचारा, नंतर नाही.

6. फोकस: इथे घाई नको

सगळ्या लेखात एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

डोळ्याच्या मागच्या भागात एक मिलिमीटर उंची म्हणजे साधारण 3 डायॉप्टर. हिमँजिओमा तीन मिलिमीटर उंच असेल तर शेंडा आणि पायथा यांच्या फोकसमध्ये नऊच्या आसपास डायॉप्टरचा फरक पडतो. म्हणजे एका फ्रेममध्ये दोन्ही स्पष्ट येणार नाहीत.

साध्या फंडस कॅमेऱ्यात फोकसबाहेरचा भाग नुसता धूसर दिसतो आणि आपल्या लगेच लक्षात येतं. कॉन्फोकल यंत्र मात्र फोकसबाहेरून येणारा प्रकाश अडवतं. त्यामुळे तो भाग धूसर न होता *काळा* पडतो. पायथ्यावर फोकस ठेवून एएफ काढलात तर गाठीचा शेंडा गडद दिसेल आणि कोणीतरी रिपोर्टमध्ये ‘हायपो-एएफ, आरपीई ॲट्रॉफी’ (एएफ कमी, आरपीई झिजलेला) लिहून मोकळा होईल. आरपीई मात्र ठणठणीत असेल.

म्हणून असं करा:

क. इन्फ्रारेड मोडमध्ये सुरुवात करा. पेशंटला हा उजेड जाणवत नाही, त्यामुळे फोकस आणि फ्रेम बसवायला निवांत वेळ मिळतो.

ख. आधी गाठीबाहेरच्या सपाट पडद्यावर फोकस करा. रक्तवाहिन्यांच्या कडा सुईसारख्या दिसल्या पाहिजेत. नॉबवरचा आकडा लिहून घ्या.

ग. मग गाठीच्या शेंड्यावरून जाणाऱ्या रक्तवाहिनीवर फोकस करा, प्लसकडे. हाही आकडा लिहा. दोन आकड्यांतला फरक केसपेपरवर नोंदवा. बी-स्कॅनवर मोजलेल्या उंचीशी तो साधारण जुळला पाहिजे. फारच तफावत असेल तर दोन्हींपैकी काहीतरी पुन्हा बघायला हवं.

घ. एएफ दोन्ही फोकसवर काढा आणि नाव देताना ‘शेंडा’, ‘पायथा’ असं लिहा. शेंड्याच्या फ्रेममध्येही जो भाग काळा राहतो तोच खरा काळा.

उतारावरचा भाग दोन्हींत थोडा गडद येतो. त्याच्यावर निष्कर्ष काढू नका.

निळा उजेड लावण्याआधी पेशंटला सांगा: ‘आता झगझगीत निळा उजेड येईल. त्रास नाही होणार, फक्त झगमगेल. पापण्या दोनदा मिटा, आता उघड्या ठेवा, समोरच्या खुणेकडे बघा.’ न सांगता उजेड लावला की माणूस दचकून मागे सरकतो आणि सगळी बैठक पुन्हा बसवावी लागते. डोळा कोरडा वाटला तर वंगणाचा एक थेंब घाला. त्यानं फोटोत पडणारा फरक लगेच दिसतो.

7. फ्रेम घेताना

निळा उजेड सुरू केल्याकेल्या बटण दाबू नका. अंधारात बसलेल्या डोळ्यात रॉड पेशींचं द्रव्य निळा प्रकाश शोषत असतं. वीस-तीस सेकंदांत ते विरतं आणि चित्र उजळतं. तोवर थांबा. प्रत्येक भेटीत सारखंच थांबा, नाहीतर मागच्या वेळेपेक्षा ‘उजळ’ दिसलेला एएफ फक्त तुमच्या सावकाशीचा परिणाम असेल.

सेन्सिटिव्हिटी इतकीच वाढवा की मॅक्युलाभोवतीचा भाग पांढराफटक होणार नाही. एकदा पांढरा फुटला की त्यावरचे आणखी उजळ ठिपके हरवतात, आणि हिमँजिओमात आपल्याला नेमके तेच शोधायचे असतात. एकट्या फ्रेममध्ये खरखर फार असते, म्हणून अनेक फ्रेमची सरासरी घ्या. मी तीसेक घेतो. पेशंट स्थिर बसत नसेल तर पंधरावर भागवतो.

किती भाग टिपायचा? मॅक्युला मध्ये ठेवून एक, गाठ मध्ये ठेवून एक, आणि गाठीच्या खालच्या दिशेचा एक, तोही रुंद. हा शेवटचा हमखास राहून जातो. गाठीतून झिरपलेलं पाणी गुरुत्वाकर्षणानं पडद्याखालून खाली उतरतं आणि वर्षानुवर्षं उतरत राहिलं तर आरपीईवर पट्टा सोडून जातं. 30 अंशांच्या फ्रेममध्ये तो मावत नाही. 55 अंशांची लेन्स किंवा अल्ट्रावाइड असेल तर तीच वापरा. अल्ट्रावाइडवर खालच्या बाजूला पापणीच्या केसांची सावली पडते, म्हणून सहकाऱ्याला खालची पापणी कापसाच्या काडीनं हलकेच धरायला सांगा.

दुसरा डोळा सोडू नका. निरोगी डोळ्याचा एएफ हाच या पेशंटचा मापदंड असतो.

8. काय दिसलं आणि ते कशाचं

कलर, एएफ आणि ओसीटी तिन्ही एका स्क्रीनवर उघडा. एकट्या एएफकडे बघून बोलू नका.

सामान्य एएफमध्ये डिस्क काळी, रक्तवाहिन्या काळ्या, फोव्हिया गडद आणि त्याभोवतीचा भाग सगळ्यात उजळ. हे आधी नजरेत बसवा.

गाठीवर *सौम्य उजळ धुरकट थर* दिसला आणि ओसीटीवर तिथे पडद्याखाली पाणी असलं, तर पाणी बहुधा ताजं आहे. पडदा आरपीईपासून सुटला की प्रकाशपेशींची झडलेली टोकं आरपीई उचलू शकत नाही. ती तिथेच साठतात आणि उजळतात. पाण्याचा तळ खालच्या बाजूला असल्यानं हा उजळपणाही बरेचदा खालच्या कडेला जास्त दिसतो.

*ठसठशीत उजळ ठिपके किंवा गुठळ्या* असतील तर ते लिपोफ्युसिनचे साठे. कलर फोटोत तेच नारिंगी दिसतात.

*काळे चट्टे*, कडा स्पष्ट, शेंड्याच्या फोकसवरही काळेच: आरपीई मेलेला आहे किंवा त्याचं तंतुमय रूपांतर झालंय. म्हणजे आजार जुना. इथे पाणी उतरलं तरी नजर किती सुधारेल याची डॉक्टरांना आधीच कल्पना येते, आणि पेशंटला खोटी आशा दिली जात नाही. माझ्या मते हिमँजिओमात एएफची खरी किंमत इथे आहे. गाठ ओळखायला त्याची फारशी मदत होत नाही. नजर वाचवण्यात उशीर झालाय का, हे मात्र तो सांगतो.

*खाली ओघळलेला पट्टा*, मध्ये गडद आणि कडेला उजळ: पाणी बराच काळ झिरपत होतं.

पडद्याच्या *आतल्या* रक्तवाहिन्यांच्या गाठी वेगळ्या वागतात. हिमँजिओब्लास्टोमा आरपीईच्या पुढे असतो. रक्त निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून ती गाठ एएफमध्ये काळी गोळी दिसते आणि तिच्याकडे जाणारी-येणारी फुगलेली, वेडीवाकडी रक्तवाहिनीची जोडीही काळी दिसते. अशी गाठ सापडली की दुसऱ्या डोळ्याचा परीघ कसून टिपा. ती व्हॉन हिप्पेल-लिंडाउ या आनुवंशिक आजाराची पहिली खूण असू शकते. मेंदू, मूत्रपिंड आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी त्यावरून सुरू होते.

9. हमखास होणाऱ्या गल्लती

सीएससी, म्हणजे गाठ नसताना मॅक्युलाखाली पाणी साठणारा आजार. मॅक्युलाखाली पाणी, मधलं वय, नजर वाकडी दिसते ही तक्रार, आणि एएफमध्ये ओघळलेला पट्टाही सारखाच. छोटा हिमँजिओमा रंगानं आजूबाजूच्या कोरॉइडमध्ये मिसळून जातो, त्यामुळे अशा पेशंटला महिनोन्‌महिने सीएससी म्हणून बघितलं जातं. ओसीटी काढताना एनहान्स्ड डेप्थ मोड (खोलवरचा कोरॉइड दाखवणारा) लावा आणि स्कॅन मॅक्युलापुरता न ठेवता जिथून पाणी येतंय असं वाटतं तिथवर न्या. कोरॉइड घुमटासारखं वर आलंय का ते दिसेल.

मेलनोमा, म्हणजे कॅन्सरची गाठ. ही गल्लत महागात पडते. मेलनोमावरही नारिंगी द्रव्य असतं आणि एएफमध्ये ते फार उजळ दिसतं. पण ते हिमँजिओमावरही असू शकतं. म्हणून ‘एएफ उजळ, म्हणजे वाईट’ किंवा ‘एएफ शांत, म्हणजे साधी गाठ’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. फरक ठरतो तो बी-स्कॅनबरोबरच्या ए-स्कॅनवर आणि आयसीजीवर. हिमँजिओमाच्या आत ध्वनीचं परावर्तन जास्त येतं, मेलनोमात कमी ते मध्यम.

सॉफ्टवेअरचा ‘नॉर्मलाइज’ पर्याय. तो प्रत्येक फ्रेमचा उजेड स्वतःच्या मर्जीनं ताणतो. फोटो देखणा होतो, पण दोन भेटींची तुलना खोटी ठरते. तुलनेसाठी कच्ची फ्रेम जपा आणि देखणी फ्रेम हवी तर वेगळी काढा.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला एएफ. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि करड्या छटा गायब होतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर फाइल म्हणून पाठवा, पेशंटचं नाव आणि नंबर झाकून.

10. डायच्या वेळी घड्याळ

एएफ झाला म्हणून सैल सोडू नका. हिमँजिओमाच्या आयसीजीत पहिलं मिनिट सोन्याचं असतं. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांची बनलेली असल्यानं डाय आत आल्याबरोबर ती उजळते आणि मिनिटभरात झगमगते. टायमर इंजेक्शनबरोबर सुरू करा आणि डाय डोळ्यात पोचण्याआधीच रेकॉर्डिंग चालू असू द्या. फ्रेम गाठीवरच ठेवा. पहिल्या काही सेकंदांत दुसरा डोळा बघायला गेलात तर ती वेळ परत येत नाही.

शेवट तितकाच महत्त्वाचा. साधारण अर्ध्या तासानं गाठीतून डाय धुऊन निघतो आणि ती आजूबाजूपेक्षा गडद पडते. ही खूण हिमँजिओमाची ओळख पक्की करते. आणि नेमका त्याच वेळी पेशंट ‘झालं ना सगळं’ म्हणत कँटीनला गेलेला असतो. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

आयसीजीत आयोडीन असतं, म्हणून आयोडीनची ॲलर्जी आवर्जून विचारा. फ्लुरोसीननं मळमळतं, त्वचा आणि लघवी दिवसभर पिवळी राहते. हे आधी सांगितलं नाही तर रात्री अकराला कावीळ झाली म्हणून फोन येतो.

11. पेशंट विचारतोच: कॅन्सर आहे का?

केसपेपरवर ‘ट्यूमर’ हा शब्द त्यानं वाचलेला असतो. स्क्रीनकडे बघून तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं हेही तो वाचत असतो. ‘ताई, मी फोटो काढतोय. गाठ कसली आहे ते डॉक्टर सगळे फोटो एकत्र बघून सांगतील, आजच सांगतील,’ एवढं पुरे. ‘काळजी करू नका, साधीच दिसतेय’ असं प्रेमापोटीही म्हणू नका. तो अधिकार आपला नाही, आणि बी-स्कॅन अजून झालेला नाही.

स्टर्ज-वेबरचं मूल आलं तर त्याच्यासोबत आई असते. मुलाच्या चेहऱ्यावर जन्मापासून लालसर-जांभळा डाग असतो, आणि गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं असं सासरी कोणीतरी तिला ऐकवलेलं असतं. हा डाग आणि डोळ्यातला बदल बहुतांशी जीएनएक्यू नावाच्या जनुकातल्या बदलामुळे होतो. 2013 मध्ये ते समोर आलं. हा बदल गर्भ वाढत असताना काही पेशींत आपोआप घडतो. तो आईवडिलांकडून येत नाही आणि आईनं काय केलं-न केलं याच्याशी त्याचा संबंध नाही. ही गोष्ट डॉक्टरांकडून तिला ऐकायला मिळेल असं बघा. अशा मुलांना त्या डोळ्यात काचबिंदूचाही धोका असतो, म्हणून प्रेशरची नोंद कधीही गाळू नका. लहान मूल एएफला स्थिर बसत नाही. अल्ट्रावाइडवर एक-दोन झटपट फ्रेम मिळाल्या तर त्यावर समाधान माना, बाकीचं भूल देऊन होणाऱ्या तपासणीत.

12. रिपोर्ट आणि पुढची भेट

रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहा, निदान लिहू नका. ‘सुपेरो-टेम्पोरल उंचवटा, शेंड्याच्या फोकसवर आजूबाजूइतका एएफ, खालच्या कडेला सौम्य हायपर-एएफ, ओसीटीवर तिथे सबरेटिनल फ्लुइड’ असं. सोबत यंत्र, प्रकाशाची तरंगलांबी, लेन्स, सेन्सिटिव्हिटी, दोन्ही फोकसचे आकडे आणि किती फ्रेमची सरासरी. हे सहा तपशील नसतील तर पुढच्या भेटीचा फोटो कितीही चांगला आला तरी तुलनेला आधार राहत नाही.

त्रास देत नसलेली गाठ बहुतेक वेळा नुसती पाहत राहायची असते. पेशंटला तेवढ्यासाठी पुन्हा बोलावलं जातं तेव्हा त्याला ते पटवावं लागतं. पाणी मॅक्युलापर्यंत आलं तर पीडीटी करतात: व्हर्टेपोर्फिन शिरेतून देऊन 689 नॅनोमीटरचा लेसर, नेहमीच्या पद्धतीत 83 सेकंद. 2021 मध्ये या औषधाचा जगभर तुटवडा सुरू झाला होता; औषध मिळालं नाही तर तारीख पुढे ढकलली जाऊ शकते हे पेशंटला आधीच कळलेलं बरं. काही गाठींना प्लाक (डोळ्याच्या बाहेरून बसवायची किरणोत्सर्गी चकती) लावून किरणोपचार देतात. त्यासाठीची रुथेनियम-106 ची प्लाक मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं देशातच तयार केली आहे.

उपचारानंतर ओसीटीवर पाणी गेलेलं दिसेल, पण एएफ लगेच सामान्य होत नाही. उजळ भाग हळूहळू ओसरतो. काळा झालेला भाग काळाच राहतो. उपचाराआधीची फ्रेम ‘बेसलाइन’ म्हणून लॉक करा आणि पुढच्या प्रत्येक भेटीत फॉलो-अप मोडमध्ये तीच उघडा. नेमकी तीच जागा, तीच लेन्स, आणि शेंडा-पायथा दोन्ही. उंची कमी झाली असेल तर शेंड्याचा जुना आकडा आता चालणार नाही, म्हणून फोकस दर वेळी नव्यानं शोधा आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा.